वेटिंग बेचाळीस

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय.
एका कोपऱ्यावर शेव-उसळीचं पातेलं,
दुसऱ्यावर विश्रामचा चष्मा.
चार दिवस रजा आहे त्याला.
उत्तरायण जवळ आलं की दांडिया बाजारातून
कुणी हलत नाही,
म्हणून जायचं तर त्याच्या आधी.

कुठे, यावरच गेला आठवडा गेला.

त्याचं बोट वर सरकतं, जैसलमेरच्याही पलीकडे.
राष्ट्रीय मरू उद्यान असं लिहिलंय तिथे,
हिरव्या रंगात, जिथे हिरवं फारसं नसावं.
माझं बोट जवळच थांबतं,
विरमगाम ओलांडून, खाराघोड्याशी.
नकाशावाल्याने तिथे नुसते ठिपके दिलेत,
जमीन की पाणी, हे न ठरवता.

"ते अभयारण्य. राष्ट्रीय उद्यान नव्हे," विश्राम म्हणतो.
सोलापूरचा माणूस. दाखल्यावरचं नाव
आणि हाक मारायचं नाव एकच लागतं त्याला.

मी इथली. शाळेत गुजरातीतून शिकले,
रण म्हणजे वाळवंट.
घरी बाबा सांगायचे, रण म्हणजे लढाई.
परीक्षेत एक लिहायचं, घरी दुसरं.
बाबा दोन हिवाळे खाराघोड्याला
मिठाचे हिशेब लिहायला होते. मी सात वर्षांची.
एका सकाळी घुडखर आले,
पाठ बदामी, पोट पांढरं,
कुणी अर्धंच रंगवून जेवायला उठल्यासारखं.
पळाले तेव्हा पाय मृगजळात बुडाले
आणि नुसती धडं गेली क्षितिजापर्यंत.

त्याचीही एक सकाळ आहे. नान्नजची.
मामाची ज्वारी कापून झालेली,
आणि माळावर कमरेइतका उंच पक्षी,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा
मान वर करून उभा.
मामा म्हणाला, हलू नकोस.
"मी अजून हललो नाही," विश्राम सांगतो,
आणि पातेल्यातली शेव उचलतो.

रश्मिकाबेन वाटी परत द्यायला आल्या.
नकाशा पाहून म्हणाल्या, "रणमां शुं जोवानुं?
दीव जाव ने."

सयाजीगंजचा एजंट म्हणतो,
दसाड्याला खोली आहे, जीप आहे,
घुडखर दिसणार म्हणजे दिसणार, नाश्ता धरून भाव.
जैसलमेर?
वेटिंग बेचाळीस.
आणि पक्ष्याचं तो काही बोलत नाही.

रात्री आम्ही गच्चीवर. समोरच्या तारांत
गेल्या वर्षीचा पतंग, कागद गेलेला,
नुसत्या कामट्या.
विश्राम तिकडेच बघत होता.
"माळढोकाचे डोळे बाजूला असतात," तो म्हणाला,
"समोरची तार दिसतच नाही त्याला.
उडतानाही खालची जमीन बघत असतो."
मग थोडं थांबून,
"तुझं रणच करू या. ते नक्की दिसतं."

हा आवाज मला ओळखीचा आहे.
आंब्याची कोय स्वतःकडे ठेवून
फोडी माझ्याकडे सरकवताना असतो तो.

"नक्की दिसणारं पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं.

"एवढ्या लांब जाऊन नाही दिसला तर?"

मला वाटलं होतं, तो भाड्याचा विचार करतोय.
तो भीत होता.
इतकी वर्षं जो माळावर उभा आहे
तो तिथेही नाही, असं कळून परत यायला
भीत होता.

खाली कुणीतरी फिरकी करकर फिरवत होतं,
काचेच्या भुकटीचा गुलाबी वास.
काय बोलावं ते मला सुचलं नाही.
मी एजंटला मेसेज केला. दोन तिकिटं. वेटिंग चालेल.

सकाळी एकतीस झालं होतं.
मी दोघांचे स्वेटर उन्हात टाकले,
त्याच्या स्वेटरच्या कोपराला टाका घातला.
नकाशाची घडी घालायला गेले तर
उसळीचा तेलकट डाग पडलेला, बरोबर खाराघोड्यावर.
उजेडात धरला,
तर तेवढ्याच जागेतून
पलीकडचं दिसत होतं.